व्हनामीच्या तलावातील व्हिब्रिओ: ओळख, मोजणी आणि आवर

तलावात व्हनामी जातीच्या कोळंबीचे बीज सोडून तीन-चार आठवडे झालेले असतात. चेक ट्रेमध्ये, म्हणजे किती खाल्ले ते बघायच्या तबकात, खाद्य उरू लागते, दोन-चार कोळंब्या बांधाच्या कडेने सुस्त फिरताना दिसतात आणि औषधाच्या दुकानाकडे धाव सुरू होते. निर्जंतुकाचा कॅन येतो, पाण्यात पडतो, दोन दिवस बरे दिसते आणि मग मरतूक आधीपेक्षा वाढते. असे का होते ते नीट कळले, तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या तलावांवर दरवर्षी होणारे बरेच नुकसान टळण्यासारखे आहे.

व्हिब्रिओ हा जिवाणू खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्याचा मूळचा रहिवासी. खाडीच्या पाण्यात, गाळात, निरोगी कोळंबीच्या आतड्यात आणि कवचावरही तो असतोच. ऊब, अन्न आणि मोकळी जागा मिळाली, तर प्रयोगशाळेत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसची संख्या दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होते. तलावात एवढा वेग राहत नाही, पण बाकीच्या जिवाणूंपेक्षा तो पुढेच असतो. निर्जंतुक टाकले की चांगले-वाईट सगळेच जिवाणू मरतात, सूक्ष्म शेवाळ मरते आणि त्यातून पाण्यात अन्न सुटते. अशा रिकाम्या, अन्नाने भरलेल्या पाण्यात सर्वांत आधी वाढतो तो व्हिब्रिओच. म्हणून खालच्या सगळ्या कामांचा रोख त्याचे अन्न तोडण्यावर आणि त्याची जागा दुसऱ्या जिवाणूंनी भरून ठेवण्यावर आहे.

आधी रोग ओळखा

पाग (फेकजाळे) टाकून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीस-पंचवीस कोळंब्या काढा. फक्त कडेला आलेल्या उचलल्या तर चित्र चुकते. एकेक कोळंबी उजेडासमोर धरून डोक्यातला हेपॅटोपॅनक्रियास, म्हणजे पचनाचा मुख्य अवयव, बघा. तलावावर त्याला सगळे एचपी म्हणतात. निरोगी एचपी तपकिरी ते गडद रंगाचा, भरलेला आणि कडा स्पष्ट असलेला दिसतो, आणि आतडे खाद्याने सलग भरलेले असते. एचपी फिकट किंवा पांढरट, आकसलेला, आतडे रिकामे किंवा तुटक, कवच मऊ, पाय आणि शेपटी लालसर अशी लक्षणे एकत्र दिसली तर व्हिब्रिओचा संशय घ्या.

याच गटातला सर्वांत घातक प्रकार म्हणजे एएचपीएनडी, म्हणजे एचपी झपाट्याने नष्ट करणारा रोग. सुरुवातीला त्याला ईएमएस (लवकर मरतूक) म्हणत. चीनमध्ये २००९ मध्ये, व्हिएतनाममध्ये २०१० मध्ये, मलेशियात २०११ मध्ये, थायलंडमध्ये २०१२ मध्ये आणि मेक्सिकोत २०१३ मध्ये तो दिसला. कारण २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने शोधले: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे असे वाण, ज्यांच्या प्लाझमिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) पिर-ए आणि पिर-बी या दोन विषांची जनुके असतात. पुढे हेच प्लाझमिड दुसऱ्या काही व्हिब्रिओंमध्येही सापडले. यात मरतूक साधारण बीज सोडल्यापासून पहिल्या पस्तीस दिवसांत होते. एचपी पांढरा पडून आकसतो, त्यात काळे ठिपके किंवा रेघा दिसतात आणि तो अंगठा-तर्जनीत दाबला तर सहज चिरडत नाही. ही चिमटीची खूण लक्षात ठेवा, पण खात्री पीसीआर या जनुकीय चाचणीनेच होते.

रात्री पाणी चमकणे हे व्हिब्रिओ हार्वेयीचे लक्षण मानतात. मात्र कोकण किनाऱ्यावर नॉक्टिल्यूका नावाच्या सूक्ष्म जीवामुळेही पाणी निळे चमकते, आणि ते खाडीतून तलावात येऊ शकते. कोळंबी स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकून पूर्ण अंधारात बघा. कोळंबीचे शरीरच चमकत असेल तर व्हिब्रिओ, फक्त ढवळलेले पाणी चमकत असेल तर दुसरे काही.

कवचावर तपकिरी-काळे खड्डे आणि झिजलेली शेपटी म्हणजे कवचातले कायटिन खाणाऱ्या जिवाणूंचे काम. बहुधा गर्दी आणि खराब तळ हे त्यामागचे कारण असते, आणि तळ सुधारला की पुढच्या काती टाकताना बऱ्याच कोळंब्या सावरतात. पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोर तरंगत असतील तर ईएचपीची तपासणी करून घ्या. ईएचपी हा सूक्ष्म बुरशीवर्गीय परजीवी आहे; व्हिब्रिओ त्याच्या पाठोपाठ येतो. कवचाच्या आत पांढरे गोल ठिपके आणि दोन-चार दिवसांत प्रचंड मरतूक असेल तर पांढरे ठिपके रोगाचा विषाणू आधी तपासा. तिथे जिवाणूवरच्या उपायांत वेळ घालवणे म्हणजे शेजारचे तलावही धोक्यात टाकणे.

तळ आणि चुना

मागच्या पिकाचा काळा गाळ हे पुढच्या पिकाच्या व्हिब्रिओचे कोठार असते. पाणी पूर्ण काढा, मधल्या खड्ड्यातला आणि एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) मागे साचलेला काळा थर खरवडून बांधाबाहेर न्या. तो बांधावरच टाकला तर पहिल्या पावसात परत आत येतो. तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा.

खाजणाच्या जमिनी अनेक ठिकाणी आम्लधर्मी निघतात. म्हणून चुना अंदाजाने टाकू नका. दहा-बारा जागची माती मिसळून पीएच काढा. पीएच ६.५ ते ७ असेल तर हेक्टरी सुमारे १ टन शेतीचा चुना, ५.५ ते ६ असेल तर २ टन, ५ च्या खाली असेल तर ३ टन. जिथे ओल सुकतच नाही अशा खड्ड्यांत कळीचा किंवा भिजवलेला चुना जास्त प्रमाणात टाका. तिथे पीएच ११ च्या वर गेला तरच जंतू मरतात. चुना आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी वापरू नका, कारण वाढलेल्या पीएचमध्ये क्लोरीनची ताकद पडते.

साठवण तलावातील पाणी

उघाडीतून (खाडीचे पाणी आत घेण्याच्या दारातून) थेट पिकाच्या तलावात पाणी घेणे ही सर्वांत महाग पडणारी बचत आहे. पाणी बारीक जाळीतून गाळून साठवण तलावात घ्या, दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, मग क्लोरीन द्या.

हिशोब असा. अर्ध्या हेक्टरचा, १.५ मीटर खोल साठवण तलाव म्हणजे ७,५०० घनमीटर पाणी. २० पीपीएम क्लोरीन हवे असेल तर घनमीटरला २० ग्रॅमप्रमाणे १५० किलो क्लोरीन लागते. पावडरमध्ये ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असेल तर ५०० किलो पावडर लागेल. पोते जुने, ओलसर होऊन ते २० टक्क्यांवर आले असेल तर तेच काम ७५० किलोने होईल. बहुतेक ठिकाणी इथेच घोटाळा होतो: पावडर मोजली जाते, क्लोरीन मोजलेच जात नाही. ताजी पोती घ्या, कोरड्या जागी ठेवा, मास्क आणि हातमोजे घालूनच पावडर पाण्यात कालवा. संध्याकाळी टाका, कारण उन्हात क्लोरीन उडून जाते.

त्यानंतर तीन ते पाच दिवस एरेटर चालवा आणि क्लोरीन किटवर शून्य आल्यावरच पाणी पिकाच्या तलावात सोडा. सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढता येते, पण १ पीपीएमसाठी सुमारे ७ पीपीएम लागते; वरच्या तलावात १ पीपीएम उरले असेल तर पन्नास किलोच्या वर. ऊन आणि हवा हे काम फुकट करतात.

क्लोरीन उडाल्यानंतरचे आठ-दहा दिवस सर्वांत नाजूक. पाणी या वेळी रिकामे असते. इथे लगेच बीज सोडले तर व्हिब्रिओला मैदान मोकळे मिळते. प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) देऊन, खनिजे आणि खत घालून पाण्याला हिरवट-तपकिरी रंग येऊ द्या, पारदर्शकता ३० ते ४० सेंटिमीटरवर आणा आणि टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवून मोजण्याच्या माध्यमावर; कृती पुढे दिली आहे) मोजणी करून मगच बीज मागवा.

प्रोबायोटिक पिंपात वाढवून वापरणारे बरेच जण नकळत व्हिब्रिओच वाढवतात. मळी किंवा गूळ, ऊब आणि हवा हे सगळे त्यालाही मानवते. पिंपासाठी उकळून गार केलेले किंवा क्लोरीन देऊन काढलेले पाणी घ्या, पिंप आणि हवेची नळी प्रत्येक वेळी ब्लीचिंगने धुवा, आणि ओतण्याआधी त्यातले थोडे टीसीबीएसवर लावा. कॉलनी (जिवाणू वाढून झालेले ठिपके) दिसल्या तर ते पिंप क्लोरीन देऊन ओतून टाका.

बीज

पीएल-१० (पिल्लाच्या अवस्थेत येऊन दहा दिवस झालेले) किंवा त्याहून मोठे बीज घ्या. हॅचरी तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदलेली असावी, आणि पांढरे ठिपके, ईएचपी व एएचपीएनडी या तिन्हींचा पीसीआर अहवाल त्याच टाकीतल्या बीजाचा असावा. शंभर पिल्ले निम्म्या क्षारतेच्या पाण्यात एकदम टाका. दोन तासांनी पंचाण्णवपेक्षा कमी जगली तर ती खेप घेऊ नका. व्हनामीसाठी प्राधिकरणाची मर्यादा चौरस मीटरला ६० पिल्ले आहे. एरेटर, वीज आणि गाळ काढण्याची सोय कमी असेल तर त्याहून खूप खाली राहा. गर्दी वाढली की खाद्य वाढते, खाद्यामागून गाळ आणि गाळामागून व्हिब्रिओ.

टीसीबीएस प्लेट: तलावावरची मोजणी

सगळ्या किटांमध्ये हीच एक गोष्ट आधी शिकून घ्यावी. लागणारे सामान: टीसीबीएस पावडर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एकदा वापरायच्या पेट्री प्लेट, १ मिलिची पिपेट, काचेची पसरणी, स्पिरिटचा दिवा, प्रेशर कुकर आणि थर्मामीटर लावलेला थर्माकोलचा डबा, ज्यात बल्ब लावून ३० अंश तापमान राखता येते.

१०० मिलि उकळलेल्या पाण्यात साधारण ८.९ ग्रॅम पावडर विरघळवा. डब्यावर दिलेले प्रमाण वेगळे असेल तर ते पाळा. ढवळत एक उकळी आणा. टीसीबीएस कधीही कुकरमध्ये शिजवू नका, ते बिघडते. हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर प्रत्येक प्लेटमध्ये १५ ते २० मिलि ओता. १०० मिलित पाच-सहा प्लेट होतात. थिजल्यावर झाकण किंचित उघडे ठेवून दिव्याजवळ पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. ओल्या प्लेटवर कॉलनी एकमेकींत वाहून मिसळतात. नमुना पातळ करायला सौम्य खारे पाणी वेगळे बनवा: लिटरला १५ ते २० ग्रॅम मीठ, ९ मिलिच्या नळ्यांत भरून कुकरमध्ये वीस मिनिटे. साधे पाणी वापरले तर व्हिब्रिओ त्यातच मरतो आणि मोजणी फसवी कमी येते.

नमुना दर वेळी त्याच जागेवरून, त्याच वेळी घ्या. तळापासून फूटभर वरचे पाणी उकळलेल्या बाटलीत भरा आणि दोन तासांत प्लेटवर लावा. न्यायला वेळ लागणार असेल तर बाटली थंड ठेवा, पण थेट बर्फाला टेकवू नका. १ मिलि पाणी ९ मिलि खाऱ्या पाण्यात मिसळले की दहापट पातळ झाले. त्यातले ०.१ मिलि प्लेटवर पसरा. ३० अंशांवर १८ ते २४ तास उलटी ठेवा आणि चोवीस तासांतच वाचा. उशीर झाला की पिवळ्या कॉलनी हिरव्या दिसू लागतात.

दहापट पातळ केलेल्या नळीच्या प्लेटवर ४२ हिरव्या कॉलनी आल्या, तर ४२ × १० × १०, म्हणजे मिलिलिटरला ४,२००. ३० ते ३०० च्या दरम्यान कॉलनी असलेलीच प्लेट मोजा.

एचपीची मोजणी पाण्यापेक्षा जास्त बोलकी असते. पाच-दहा कोळंब्या निर्जंतुक खाऱ्या पाण्याने बाहेरून धुवा, उकळलेल्या चिमट्याने एचपी काढा, १ ग्रॅम वजन करून ९ मिलि खाऱ्या पाण्यात वाटा आणि हजारपटीपर्यंत पातळ करा. हजारपट नळीतले ०.१ मिलि लावून ६० कॉलनी आल्या तर ग्रॅमला सहा लाख होतात, आणि ही धोक्याची पातळी आहे.

हिरव्या कॉलनी साखर न आंबवणाऱ्यांच्या: पॅराहिमोलिटिकस, बहुतेक व्हल्निफिकस, हार्वेयीची अनेक वाणे. पिवळ्या अल्जिनोलिटिकस आणि इतर. पण हिरवी प्रत्येक कॉलनी विषारी नसते आणि पिवळी प्रत्येक निरुपद्रवी नसते. पाण्यात साखर किंवा मळी टाकून प्लेट हिरवीची पिवळी करता येते. तेवढ्याने कोळंबी बरी झाली असे समजू नका. व्यवहारात पुढील आडाखे धरा: पाण्यात एकूण व्हिब्रिओ मिलिला १,००० च्या आत आणि हिरव्या १०० च्या आत असतील तर ठीक; एकूण १०,००० च्या वर गेल्या किंवा हिरव्या पिवळ्यांच्या पुढे गेल्या तर हालचाल करा; एचपीत ग्रॅमला एक लाख ओलांडले तर लगेच. आठवड्याला दोनदा मोजा आणि वहीत नोंदवा. एका आकड्यापेक्षा सलग तीन मोजण्यांचा चढ जास्त सांगतो.

वापरलेल्या प्लेट फेकू नका. कुकरमध्ये वीस मिनिटे ठेवून मगच कचऱ्यात टाका.

रोजचे काम

व्हिब्रिओला लागणारे बहुतेक अन्न आपण खाद्याच्या पोत्यातून देत असतो. चेक ट्रे दोन तासांनी बघा. दहा टक्क्यांवर उरले तर पुढचे खाद्य तेवढ्याने कमी करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बऱ्याच कोळंब्या कात टाकतात, त्या दोन-तीन दिवसांत खाद्य आपोआप कमी लागते. पाणी ३३ अंशांवर गेले तर कोळंबी भराभर खाते आणि अर्धवट पचलेले बाहेर टाकते. तेव्हा ट्रे रिकामा दिसला तरी खाद्य वाढवू नका.

पहाटे चार वाजता तळाजवळचा ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. साधारण चारशे-पाचशे किलो कोळंबीमागे एक हॉर्सपॉवर एरेटर असा हिशोब ठेवा. गाळ मधल्या खड्ड्यात जमेल अशी एरेटरची दिशा लावा आणि तो काढत राहा. पीएच ७.५ ते ८.५, सकाळ-संध्याकाळचा फरक ०.५ च्या आत, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची क्षमता) १२० पीपीएमच्या वर.

कोकणातल्या पावसाचा वेगळा विचार हवा. जूनमधली पहिली जोराची सर आली की गोडे पाणी वर तरंगते, खाली खारे राहते, मधे पडदा तयार होतो. तळाचा ऑक्सिजन संपतो, शेवाळ कोसळते, क्षारता आणि पीएच घसरतात आणि कोळंबीवर ताण येतो. व्हिब्रिओचा उद्रेक बहुधा या नंतरच्या दोन-तीन दिवसांत दिसतो. पाऊस सुरू होताच वरचे पाणी सांडव्याच्या वरच्या फळ्या काढून जाऊ द्या, सगळे एरेटर चालू करा, त्या वेळचे खाद्य बंद ठेवा, बांधाच्या उतारावर आधीच शेतीचा चुना पसरून ठेवा आणि पाऊस ओसरल्यावर अल्कलिनिटी मोजून डोलोमाइट द्या.

मरतूक सुरू झाल्यावर

त्याच दिवशी खाद्य निम्म्यावर आणा. ट्रे भरलेलेच राहत असतील तर एक दिवस बंद करा. एरेटर अखंड चालू. मधल्या खड्ड्यातला गाळ काढा, मेलेल्या कोळंब्या दोन्ही वेळा वेचून चुन्यासह खोल पुरा. पाणी बदलायचे तर फक्त साठवण तलावातले, दिवसाला दहा-पंधरा टक्के. खाडीतून थेट नाही. जाळी, बादल्या, पाग त्या तलावाबाहेर नेऊ नका.

त्याच सकाळी नमुने काढा. मेलेल्या कोळंब्यांचा उपयोग नाही, मरणासन्न पण जिवंत लागतात. पीसीआरसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, नमुन्याच्या दहापट अल्कोहोल. ऊतींच्या तपासणीसाठी डेव्हिडसन द्रावण (ऊती टिकवणारे) आधी एचपीत सुईने टोचायचे, मग कोळंबी त्यात बुडवायची. नुसती बुडवली तर एचपी आतून विरघळून जातो. कल्चरसाठी जिवंत कोळंबी हवा भरलेल्या पिशवीत. रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि चेन्नईची सीबा (केंद्रीय निमखारे जलकृषी संस्था) येथे विचारणा करा.

चालू पिकात आयोडीन किंवा बीकेसी (बेंझाल्कोनियम क्लोराइड) ही निर्जंतुके टाकण्याची घाई करू नका. शेवाळ कोसळलेले असेल तेव्हा तर मुळीच नाही. दुसरा मार्गच उरला नसेल तर लेबलवरच्या खालच्या मात्रेत, ऑक्सिजन तपासून, पूर्ण एरेशनमध्ये द्या आणि दोन दिवसांनी प्रोबायोटिकने ती जागा भरा. दोन्ही एकाच दिवशी टाकणे म्हणजे प्रोबायोटिकचे पैसे पाण्यात.

प्रतिजैविके देऊ नका. आजारी कोळंबी खातच नाही, त्यामुळे औषध निरोगी कोळंबीत आणि गाळात जाते, तिथे दाद न देणारे वाण तयार होतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर पूर्ण बंदी आहे. त्यांचा अंश निघाला तर निर्यातीचा माल परत येतो आणि त्याचा फटका एका तलावापुरता राहत नाही.

कोळंबी विक्रीच्या आकाराची झाली असेल आणि खाद्य निम्म्यावर आणूनही तीन दिवस मरतूक चढतच असेल, तर काढणी करा. पाणी थेट खाडीत सोडू नका. सांडपाणी तलावात अडवून क्लोरीन द्या, तो उडाल्यावरच बाहेर सोडा. शेजाऱ्याची उघाडी त्याच खाडीवर असते.

काढणीच्या वेळी कोळंबी लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि ४ अंशांच्या खाली ठेवा. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस माणसालाही जुलाब-उलट्या करतो; १९५० मध्ये ओसाकात तो प्रथम सापडला तेव्हा २७२ जण आजारी पडले होते आणि २० दगावले होते. व्हल्निफिकस हातावरच्या जखमेतून शिरतो आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना जिवावर बेततो. कोळंबी निवडणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे द्या. काटा रुतला तर जखम लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. काही तासांत सूज, तीव्र वेदना, फोड किंवा ताप आला तर थांबू नका. डॉक्टरांकडे जा आणि खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीमुळे जखम झाली हे त्यांना आवर्जून सांगा, कारण त्यावरून औषध ठरते.